सही एका आकड्यावर

गेल्या महिन्यात माझी नात पुण्याहून दोन दिवसांसाठी घरी आली होती. पदवीचं शेवटचं वर्ष बाहेरून करते आणि दिवसभर कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवर उभी असते. रात्रीची जेवणं झाली, तिची आजी मागचं आवरत होती. ही मोबाइल घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसली.

"आजोबा, तुम्ही जन्मभर हिशेब लिहिलेत ना? मग हे बघा."

तिचं पगारपत्रक होतं. मूळ वेतन, विशेष भत्ता, भविष्य निर्वाह निधीची कपात, सगळं जिथल्या तिथं. रक्कम बँकेत जमा झाल्याचा संदेशही होता. मी म्हटलं, "ठीक तर आहे. अडचण काय?"

"अडचण अशी, की पगार जमा झाला की तिसऱ्या दिवशी अडीच हजार रुपये काढून सुपरवायझरच्या हातात द्यायचे. रोख. सगळ्याच मुली देतात. पावती वगैरे काही नाही. नाही दिले तर पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस, म्हणतात."

मी तिला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. हा हिशेब मला नवा नव्हता. तो मी माझ्या हातानं नऊ वर्षं लिहिलेला होता. फरक इतकाच, की आमच्या काळी पैसे आधी देऊन मग परत घेण्याचा द्राविडी प्राणायाम नव्हता. आम्ही मुळातच कमी देत होतो आणि सही पूर्ण रकमेवर घेत होतो.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी १९७८ साली मी एका छापखान्यात हिशेबनीस म्हणून लागलो. खिळ्यांचा छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या परीक्षांचे पेपर, पतपेढ्यांचे अहवाल आणि वर्षातून एकदा गावातलाच एक दिवाळी अंक. चार जुळारी, दोन मशीनवाले, एक कटिंगवाला आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत बाइंडिंगला पाच बायका. फर्म्यांच्या घड्या घालायच्या, पानं मिसळायची, दाभणानं टोचून शिवायचं, खळ लावायची. या पाचजणींत सगळ्यात जुन्या होत्या त्या मावशी. साऱ्या छापखान्याच्या मावशी. नवरा गेलेला, तीन मुलं, आणि घडी अशी सफाईची, की कडा पट्टीनं आखल्यासारख्या.

दर महिन्याच्या सात तारखेला मी पगाराचं रजिस्टर उघडून बसे. एकेकानं यायचं, रेव्हेन्यू तिकिटावर सही करायची आणि पाकीट घेऊन जायचं. रजिस्टरातला आकडा सरकारनं ठरवलेल्या किमान वेतनाचा. पाकिटातला आकडा मालकांनी ठरवलेला. बाइंडिंगच्या बायकांच्या बाबतीत सहीच्या शंभर रुपयांमागे पाकिटात साठ असत. मालकांच्या टेबलाच्या खणात एक छोटी वही होती, तिच्यात खरे आकडे. दोन्ही वह्यांतलं अक्षर माझंच.

मावशींना सही करता येत होती. मुलाच्या पाटीवर गिरवून शिकल्या होत्या. आकडे मात्र वाचता येत नव्हते. "भाऊ, कुटं करायची ते सांगा," असं म्हणून त्या पदराला हात पुसत आणि मी बोट ठेवीन तिथं सावकाश नाव काढीत. बोट मी नावाच्या रकान्यावर ठेवत असे. रकमेच्या रकान्यावर कधीच ठेवलं नाही.

आता कुणी म्हणेल, मालक दुष्ट असतील. तसं नव्हतं. मावशींच्या मुलीच्या लग्नात मालकांनी साडीचोळी आणि भांडी दिली. धाकट्याला कावीळ झाली तेव्हा डॉक्टरांचं बिल भरलं. दिवाळीला प्रत्येकीच्या हातावर खोका ठेवल्याशिवाय ते घरी जात नसत. मावशींच्या घरी देवाच्या खालोखाल त्यांचं नाव घेतलं जाई. पण मी हिशेबनीस. एकदा रिकामा वेळ होता म्हणून मी छोट्या वहीतून मावशींचा नऊ वर्षांतला फरक काढला. त्यात साडीचोळी, भांडी, डॉक्टर आणि दिवाळीचे सगळे खोके वजा केले, तरी मागे जी रक्कम उरली ती पाहून मी वही मिटली. जे तिच्या हक्काचं होतं त्यातलं थोडं तिलाच परत मिळत होतं, आणि ती त्याबद्दल हात जोडत होती.

मालकांचीही एक बाजू होती. एकदा धीर करून मी विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "अरे, पलीकडच्या गल्लीतला छापखाना शाळेचे पेपर माझ्यापेक्षा स्वस्तात छापून देतो. तो काय पूर्ण पगार देतो? मी एकट्यानं दिला तर चार महिन्यांत कुलूप लागेल." ते खोटं बोलत नव्हते. पण कायदा नेमका त्यासाठीच असतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. किमान वेतन दोन्ही गल्ल्यांतून सारखं वसूल झालं असतं तर स्वस्ताईची चढाओढ कागदाच्या भावात आणि मशीनच्या वेगात झाली असती, मावशींच्या पाकिटात नव्हे. हा कायदा मजुरासाठी आहे असं आपण म्हणतो. प्रामाणिक मालकालाही त्याची तितकीच गरज असते.

या कायद्याचं मूळ आपल्याला जवळचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. किमान वेतनाचं विधेयक त्यांनीच एप्रिल १९४६ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं. स्वातंत्र्यानंतर, जगजीवनराम मजूरमंत्री असताना, १९४८ साली त्याचा कायदा झाला. तो सरसकट सगळ्यांना लागू नव्हता. जिथं मजूर विखुरलेले, संघटना नाही आणि पिळवणूक हमखास, अशा धंद्यांची एक यादी कायद्याला जोडली होती. विडी, भात आणि डाळीच्या गिरण्या, तेलगिरण्या, खडी फोडणं, रस्ते आणि इमारतींची कामं, कातडी कमावणं आणि शेती. राज्यांना ही यादी वाढवता येत होती. महाराष्ट्रानं ती बरीच वाढवली आणि छापखानेही त्यात घातले. म्हणून तर आमच्याकडे ते रजिस्टर होतं.

किमान म्हणजे नेमकं किती? याचं माप १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात ठरलं. हे माप आपल्यापैकी प्रत्येकानं एकदा आपल्या घराला लावून पाहावं. कमावणारा एक, खाणारे तीन. म्हणजे तो स्वतः एक, बायको ०.८ आणि दोन मुलं ०.६ प्रमाणे, अशी बेरीज तीन. दर माणशी रोज २७०० उष्मांकांचं अन्न. कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. सरकारी औद्योगिक वसाहतीतल्या लहानात लहान घराइतकं भाडं. आणि सरपण, दिवाबत्ती व इतर किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. यात शाळा नव्हती, दवाखाना नव्हता, सणवार नव्हते, म्हातारपण नव्हतं. ते १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात जोडलं. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सण, लग्नकार्य आणि म्हातारपणाची सोय यांसाठी आणखी २५ टक्के धरले पाहिजेत, असा तो निकाल.

मावशी या मापात कुठं बसत होत्या? कमावणारा पुरुष आणि ०.८ ची बायको, असा तो हिशेब. मावशी एकट्या कमावणाऱ्या, आणि खाणारी तोंडं चार. त्यांना पूर्ण किमान वेतन मिळालं असतं तरी ओढाताणच होती. मिळत होतं त्याच्या शंभरातले साठ.

१९८७ साली मालकांनी नवं घडी घालायचं मशीन आणलं आणि बाइंडिंगच्या तीन बायकांना घरी बसवलं. त्यात मावशी होत्या. गावातल्या एका कामगार कार्यकर्त्यानं त्यांना गाठलं आणि कमी दिलेल्या वेतनाचा दावा दाखल करायला लावला. तेव्हा कळलं, की कायद्यात अशा दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती. उशिराला सबळ कारण दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर नऊ वर्षांचा फरक सहा महिन्यांवर येऊन ठेपणार होता. तरी तेवढे मिळाले असते.

सुनावणीला मालकांनी ते रजिस्टर हजर केलं. प्रत्येक महिन्यासमोर तिकिटावर मावशींची सावकाश काढलेली सही. मला विचारण्यात आलं, "या सह्या तुमच्यासमोर झाल्या का?" मी म्हटलं, "होय, माझ्यासमोर झाल्या." पुढं कुणी काही विचारलं नाही. छोट्या वहीबद्दल मी काही बोललो नाही. दावा फेटाळला गेला.

मी खोटं बोललो नव्हतो. अर्धं खरं बोललो होतो. माझ्या घरी तेव्हा दोन वर्षांची मुलगी होती, भाड्याची खोली होती, आणि गावात हिशेबनिसाला दुसरी नोकरी मिळणं सोपं नव्हतं. ही सगळी कारणं खरी आहेत. बाहेर पडताना मावशी जिन्यात भेटल्या. त्यांना वाटलं होतं मी मान वळवीन. त्याच म्हणाल्या, "असू द्या भाऊ, तुमालाबी पोटच हाय." मी त्या वर्षीच ती नोकरी सोडली. पण तो काही पराक्रम नव्हे. सोडायची ती सुनावणीच्या आदल्या दिवशी.

पुढं सहकारी बँकेत लागलो. तिथल्या कामगार संघटनेमुळे थोडं वाचन झालं, आणि मग एक गोष्ट समजली जी मला छापखान्यात कुणी सांगितली नव्हती. मालक नेहमी म्हणत, "मी जबरदस्ती करतो का? राजीखुशीनं येतात." आणि हे खरंच होतं. मावशींना कुणी बांधून आणलं नव्हतं. पण किमान वेतनाच्या कायद्यात अशा राजीखुशीला किंमतच ठेवलेली नव्हती. कमी पैशात काम करीन असा करार कामगारानं केला, तरी तो रद्दबातल, असं कायद्यातच लिहिलेलं होतं.

यावरून न्यायालयांत भांडणंही झाली. अजमेरच्या एका कापड गिरणीनं, बिजय कॉटन मिल्सनं, हा आमच्या धंदा करण्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असं म्हणत सर्वोच्च न्यायालय गाठलं. गिरणीचे बरेच कामगारही कमी दरानं काम करायला तयार होते. १९५४ साली न्यायालयानं कायदा उचलून धरला. पुढं १९६१ साली केरळातल्या कौलं बनवणाऱ्या कारखान्यांच्या खटल्यात आणखी स्पष्ट झालं, की किमान वेतन ठरवताना मालकाला परवडतं की नाही हा प्रश्नच येत नाही.

सगळ्यात मोठा निकाल आला तो सप्टेंबर १९८२ मध्ये. दिल्लीत एशियाडची क्रीडांगणं आणि पूल उभे राहत होते. तिथल्या मजुरांचं किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होतं. त्यातला एक रुपया मजूर पुरवणारा जमादार आपली दलाली म्हणून कापून घेई आणि मजुराच्या हाती सव्वाआठ रुपये पडत. फक्त एक रुपया. पण न्यायमूर्ती भगवती यांनी त्या एका रुपयावरून राज्यघटनेच्या २३व्या कलमापर्यंत मजल नेली. किमान वेतनाहून कमी पैशात माणूस काम करतो तेव्हा तो भुकेच्या सक्तीनं करतो, आणि ही सक्ती म्हणजे वेठबिगारच, असा त्या निकालाचा मथितार्थ. तो निकाल लागला तेव्हा मी त्या छापखान्यात बसून मावशींची सही घेत होतो. बातमी वाचलीही असेन. आपल्या रजिस्टराशी तिचा काही संबंध आहे, असं मनात आलं नाही.

नातीला मी हे सगळं त्या रात्री सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, ते जुनं झालं. आता काय आहे ते सांगा."

आता १९४८ चा तो कायदा राहिलेला नाही. त्याची जागा वेतन संहिता, २०१९ हिनं घेतली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. धंद्यांची जुनी यादी गेली. आता किमान वेतन सगळ्याच आस्थापनांना लागू. केंद्र सरकारनं एक तळाचा दर ठरवायचा आणि कुठल्याही राज्याचा दर त्याच्या खाली जाता कामा नये, असंही संहितेत आहे. पूर्वी असा राष्ट्रीय दर असे, पण तो नुसता सल्ला. १९९६ साली तो दिवसाला ३५ रुपये होता, २०१७ साली १७६ झाला, आणि तो पाळायचं बंधन कुणावरच नव्हतं.

प्रत्यक्ष आकडा राज्यच ठरवतं. महाराष्ट्राच्या अधिसूचनांची रीत अशी, की कामाची वर्गवारी कुशल, अर्धकुशल, अकुशल आणि गावांची वर्गवारी परिमंडळांत. मोठ्या शहरात दर जास्त, लहान गावात कमी. मूळ वेतनावर महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे विशेष भत्ता, आणि तो दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. म्हणजे दुकानदारानं तीन वर्षांपूर्वीचा कागद भिंतीवर लावून भागत नाही. रोजचा दर काढायचा तर महिन्याच्या दराला २६ नं भागायचं, ३० नं नव्हे. अर्धवेळ कामाला तासाचा दर काढताना रोजच्या दराला आठनं भागून वर १५ टक्के घालायचे, कारण दोन तासांसाठी बोलावलेल्या माणसाचा जाण्यायेण्याचा वेळ कुणी मोजत नाही.

मालकांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता. जादा कामाला दुप्पट दर. माणूस कामावर आला आणि मालकाकडे काम नाही म्हणून बसून राहिला, तरी पूर्ण दिवसाचं वेतन. वीज गेली की मी बाइंडिंगच्या बायकांचा अर्धा दिवस कापत असे, तेही तेव्हाच्या कायद्यात बसत नव्हतं. प्रत्येकाला वेतनचिठ्ठी द्यायची, दरांचा फलक दिसेल असा लावायचा. आमचा फलक होता, पण कपाटाच्या मागे. बाई म्हणून कमी दर लावता येत नाही. आणि कापून घ्यायच्या गोष्टी कायद्यानं मोजून दिल्या आहेत. त्याबाहेरचं काही कापता येत नाही, मग ते आधी कापा नाहीतर देऊन परत मागा.

मावशींच्या बाबतीत जे झालं, त्यासंबंधी दोन बदल मला सगळ्यात मोलाचे वाटतात. दाव्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षांवर गेली आहे. आणि पैसे पूर्ण दिले हे सिद्ध करण्याचा भार संहितेनं उघडपणे मालकावर टाकला आहे. कमी दिल्याचं शाबित झालं तर फरकाच्या दसपटीपर्यंत भरपाई देववता येते.

पण माझा हिशेबनिसाचा अनुभव मला इथंच थांबवतो. भार मालकावर टाकला म्हणजे काय? मालक रजिस्टर आणील. आज रजिस्टराऐवजी बँकेचा उतारा आणील. तो उतारा मावशींच्या सहीइतकाच खरा आणि तितकाच खोटा असेल. कायद्याची सगळी इमारत शेवटी एका रकान्यावर उभी असते, आणि तो रकाना भरणारा माझ्यासारखा कुणीतरी पगारदारच असतो. सुपरवायझर असतो, हिशेबनीस असतो, ठेकेदाराचा कारकून असतो. त्यालाही पोट असतंच.

आणि आपण घरी बसलेले तरी यातून सुटतो का? आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईंचा खाडा आपण कसा मोजतो? तिसानं भागतो की सव्विसानं? घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. कल्याण वेगळं आणि कामाचा दर वेगळा. दिवाळीची साडी देताना आमच्या मालकांची आठवण मला दर वर्षी होते.

नातीनं शेवटी विचारलं, "मग मी देऊ की नको? नोकरी गेली तर?" नोकरी जाणारच नाही, असं मी तिला सांगू शकलो नाही. दोन गोष्टी सांगितल्या. एक वही कर. कधी किती काढून दिले, कुणाच्या हातात, त्या दिवशी कोण बरोबर होतं, सगळं तारीखवार लिही. एकटी जाऊ नकोस. आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायची वेळ आली तर मी येतो. या खेपेला सगळं सांगायला येतो.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. चौघीजणी मिळून सुपरवायझरकडे गेल्या होत्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पैसे देतो, पण पावती द्या." त्या महिन्यात पैसे मागायला कुणी आलं नाही. पुढच्या महिन्यात काय होईल ते तिलाही ठाऊक नाही, मलाही नाही. वही मात्र चालू आहे.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. अधूनमधून वाटतं, त्यांच्यासाठी मी फार मोठं काही करायला हवं होतं असं नाही. संप नको होता, भाषण नको होतं. दर सात तारखेला त्या पदराला हात पुसून समोर उभ्या राहत, तेव्हा नावाच्या रकान्यावरचं बोट चार इंच उजवीकडे सरकवून तिथला आकडा त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा होता. एवढंच काम होतं माझं.